डुकरं, डास आणि जपानी मेंदूज्वर: रक्ताच्या एका नमुन्यातून काय कळतं?

सोलापुरातून बोलतोय. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. माझे 'अं', 'म्हणजे बघा' आणि मागून आलेला भंगारवाल्याचा आवाज काढून टाकलाय. बाकी जवळपास तसंच आहे.

या वेळचा विषय एका व्हॉइस नोटमुळे आला. कॉलेजातला पोरगा आहे, सोलापूरच्या हद्दीबाहेर वस्तीवर राहतो. त्याचे वडील डुकरं पाळतात. नाव घेत नाही, का ते पुढे कळेलच. तो म्हणाला, "दादा, आमच्या इथं एका बारक्या पोराला ताप चढला. बडबडायला लागलं, ॲडमिट केलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला, डेंगी निघाला. पोरगं बरं झालं, घरी आलं. पण तोवर लोकांनी अर्ज केला होता, डुकरं हलवा म्हणून. आता म्हणतात, आज डेंगी आहे, उद्या मेंदूज्वर होईल. दादा, खरंच डुकरांमुळं होतं का?"

मला पटकन 'नाही रे, तसं काही नसतं' असं म्हणायचं होतं, पण ते खरं नाही. 'हो' म्हणणंही पूर्ण खरं नाही. म्हणून तीन आठवडे वाचत बसलो. जे सापडलं त्यातला सगळ्यात भारी भाग डुकराच्या रक्तात शास्त्रज्ञ काय शोधतात, हा आहे. तिथंच येणार आहोत, पण आधी थोडी ओळख.

जपानी मेंदूज्वर, म्हणजे जेई. जपानमध्ये १९३५ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू वेगळा केला, म्हणून नावात जपान. पण हा आपल्याकडे परका नाही. पुण्यात १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, तेच आजचं एनआयव्ही. त्याच वर्षी झालेल्या रक्ततपासण्यांत भारतातली या विषाणूची पहिली खूण सापडली ती आपल्या नागपूर जिल्ह्यात. लोकांच्या रक्तात याच्या अँटिबॉडीज होत्या. म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला होता आणि कुणाला पत्ताही नव्हता. माणसांतले आजाराचे पहिले रुग्ण १९५५ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरकडे नोंदले गेले. मग १९७३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बांकुरा आणि बर्दवानला मोठी साथ आली. आणि २००५ चं गोरखपूर तर तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. त्या एका वर्षात तिथं आणि आसपास हजाराहून जास्त मृत्यू झाले, बहुतेक लहान मुलं.

पत्ता का लागत नाही, ते ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण २५० जणांना संसर्ग झाला तर एकालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना काहीच नाही, नाहीतर साधा ताप. पण ज्या एकाला होतो त्याचा मेंदू सुजतो. अशा रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात. वाचलेल्यांतही बऱ्याच मुलांना पुढं फिट येणं, हातपाय लुळे पडणं, बोलता न येणं असं काहीतरी कायमचं राहतं. या विषाणूवर नेमकं औषध नाही. डॉक्टर सूज, झटके, श्वास सांभाळतात आणि शरीराला लढू देतात.

आता डुक्कर यात कुठं येतं?

विषाणूचं मूळ घर म्हणजे पाणपक्षी, बगळे आणि वंचक. डास बगळ्याला चावतो, विषाणू घेतो, मग डुकराला चावतो. डुकराच्या रक्तात हा विषाणू जोरात वाढतो. इतका, की पुढचा डास नुसता चावला तरी त्याला भरपूर विषाणू मिळतो. माणसाच्या रक्तात तो तेवढा वाढत नाही. म्हणून माणसाला चावलेला डास पुढं कुणाला जेई देत नाही. विषाणूच्या दृष्टीनं आपण म्हणजे बंद गल्ली. आत आला की परत जायला वाट नाही. घोड्याचंही तसंच.

म्हणजे आजारी पोराकडून दुसऱ्या पोराला होत नाही, शेजारी बसलं, एका ताटात जेवलं तरी नाही. डुकराला हात लावून होत नाही. शिजवलेल्या मटणातून होत नाही. मधे डास लागतोच.

डासही आपला नेहमीचा डेंगीवाला नाही. डेंगीचा एडिस घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलर, कुंडी, टाकी, छतावरचं टायर. चावतो दिवसा. जेईचा मुख्य डास क्युलेक्स, त्यातही ट्रायटिनियोरिंकस नावाचा. (हे नाव मी रेकॉर्डिंगला सात वेळा चुकलो.) हा भातखाचरात, पाणी साचलेल्या शेतात, गवताळ डबक्यात वाढतो आणि अंधार पडल्यावर चावतो. त्या वस्तीवरच्या पोराला डेंगी झाला होता, त्यात डुकराचा काडीचा संबंध नव्हता. असला तर कुणाच्या तरी उघड्या बॅरलचा असेल. पण बॅरल हलवा म्हणून कुणी अर्ज करत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या सोलापुरात भात कुठाय? ज्वारीचा मुलूख आपला. बरोबर आहे. म्हणूनच महाराष्ट्रात जेई म्हटलं की आधी भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भाताच्या पट्ट्याचं नाव येतं. पण उजनीच्या कालव्यांनंतर आपल्याकडचं पाणीही बदललंय. उसाच्या सऱ्या, कालव्याची गळती, चाऱ्यांतली डबकी. आणि बगळे तर हिप्परग्याच्या तलावावर जाऊन बघा कितीही. शिवाय २०२५ मध्ये राज्यात लहान मुलांसाठी जेई लसीची खास मोहीम घेतली ती पुणे, रायगड आणि परभणी जिल्ह्यांत. परभणी काही भाताचं कोठार नाही. त्यामुळे 'आपल्याकडं नाही होत' हे वाक्य मी आता जपून वापरतो.

एक गंमत मधेच सांगतो. हा क्युलेक्स सगळ्यात जास्त रक्त पितो ते गाई-म्हशींचं. आणि गाई-म्हशींच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही. म्हणजे गोठ्यातली म्हैस एका अर्थी डासाचं लक्ष दुसरीकडं वळवते. पण तिच्या रक्तावर डासांची संख्याही पोसली जाते. फायदा की तोटा, हे एका वाक्यात सांगता येत नाही. निसर्गाचा हिशेब आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा जरा गुंतागुंतीचा असतो.

तर आता रक्ताकडं.

डुकराच्या रक्तात दोन गोष्टी शोधता येतात. एक, विषाणूच्या विरोधातल्या अँटिबॉडीज, म्हणजे विषाणू येऊन गेल्याची पावती. दोन, खुद्द विषाणू, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य. पावती शोधणं सोपं. त्यातली आयजीएम नावाची पावती संसर्गानंतर थोडेच आठवडे टिकते, म्हणून ती सापडली तर समजायचं, विषाणू नुकताच येऊन गेलाय. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं २०१९ मध्ये डुकरांसाठी अशी आयजीएम तपासणी किट आणली. पण पावतीची एक अडचण आहे. जेई, डेंगी, वेस्ट नाईल हे सगळे एकाच खानदानातले विषाणू. त्यांच्या पावत्या एकमेकांसारख्या दिसतात, गफलत होऊ शकते. आणि पावतीवरून 'कोणत्या घराण्यातला जेई' हे कळत नाही. त्यासाठी विषाणूच पकडावा लागतो.

आणि तो पकडणं अवघड. डुकराच्या रक्तात विषाणू राहतो फक्त दोन ते चार दिवस. तुम्ही सोमवारी नमुना घेतला आणि विषाणू रविवारी संपला, तर हातात काहीच नाही. म्हणून संशोधक काय करतात? ज्या लहान डुकरांना आधी संसर्ग झालेला नाही अशी निवडतात, पावसाळ्यात दर थोड्या दिवसांनी त्यांचं रक्त घेतात आणि पहिली खूण कधी उमटते ते बघतात. नाहीतर कत्तलखान्यात जाऊन टॉन्सिलचे तुकडे घेतात, कारण प्रयोगांत असं दिसलंय की रक्तातून गेलेला विषाणू टॉन्सिलमध्ये काही आठवडे टिकतो. हा प्रयोग स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांचा, २०१६ चा. त्यातच आणखी एक गोष्ट निघाली होती. बंदिस्त खोलीत, डास नसतानाही, डुकराकडून डुकराला नाका-तोंडातल्या स्रावातून संसर्ग झाला. दाटीवाटीच्या फार्मसाठी ही साधी बातमी नाही.

रक्त घेतलं की ते बर्फात ठेवून लॅबला न्यायचं. जेईचा विषाणू आरएनएचा बनलेला असतो आणि आरएनए म्हणजे उन्हाळ्यातलं दूध. आपल्या सोलापूरच्या ४२ डिग्रीत अर्धा तास बाहेर राहिला तर गेलाच. लॅबमध्ये आरएनए वेगळा काढतात आणि मग आरटी-पीसीआर. हो, तीच, नाकात काडी घालायचे ती. कोविडनं आपल्या आजीलाही हा शब्द शिकवला. पीसीआरनं विषाणूच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती बनतात आणि मग त्याचा मजकूर अक्षर-अक्षर वाचतात. त्याला म्हणायचं सिक्वेन्सिंग.

जेईच्या विषाणूचा पूर्ण मजकूर साधारण ११,००० अक्षरांचा. अक्षरं चारच. एवढ्याशा मजकुरातून दहा प्रथिनं तयार होतात. संशोधक बऱ्याचदा सगळा मजकूर न वाचता 'ई' नावाचं जनुक वाचतात. १,५०० अक्षरं, ५०० अमिनो आम्लं. हे प्रथिन विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर असतं. पेशीला चिकटायचं काम त्याचं, आणि आपली अँटिबॉडीही प्रामुख्यानं त्यालाच ओळखते. माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात तसं.

मग अक्षरं वाचून काय कळतं? आपल्या शेंगा चटणीचं उदाहरण घ्या. समजा एका काकूंनी चटणीची कृती व्हॉट्सॲपवर टाकली. कुणीतरी ती हातानं परत टाईप केली आणि 'लसूण'चं 'लसून' झालं. पुढं तिसऱ्यानं 'उखळात'चं 'ऊखळात' केलं. आता तुमच्याकडं दहा जणांच्या कृती आल्या. ज्यांत 'लसून' आहे त्या सगळ्या एका शाखेच्या. ज्यांत 'लसून' आणि 'ऊखळात' दोन्ही आहे त्या त्या शाखेच्या पुढच्या फांदीच्या. कुणी कुणाकडून घेतलं हे न विचारता वंशावळ काढता येते, फक्त चुकांवरून. विषाणू स्वतःची नक्कल करताना अशाच चुका करतो. चटणीची चव बदलत नाही तोवर चूक टिकते. डुकरातल्या, डासातल्या आणि माणसातल्या विषाणूंच्या चुका जुळल्या, तर समजायचं तिघांमध्ये एकच शाखा फिरतेय.

अशा वंशावळीवरून जेईची पाच घराणी ठरलीत, जीनोटाइप एक ते पाच. भारतात कित्येक वर्षं फक्त तिसरं घराणं सापडायचं. मग २००९ मध्ये गोरखपूरच्या रुग्णांच्या नमुन्यांत एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांना पहिलं घराणंही दिसलं, तिसऱ्याच्या जोडीनं. त्याआधी जपान, कोरियाकडं पहिल्यानं तिसऱ्याला जवळपास हुसकून लावलं होतं. पाचवं तर विचित्रच. १९५२ मध्ये मलायात एका रुग्णात सापडलं आणि गायब. थेट २००९ मध्ये तिबेटमधल्या डासात परत दिसलं, मग दक्षिण कोरियात.

हे घराण्यांचं प्रकरण नुसतं नोंदवहीत लिहायला नाही. आपल्या जेईच्या लसी तिसऱ्या घराण्यापासून बनल्यात. २००६ पासून आपल्याकडं साथीच्या जिल्ह्यांत जी लस मोफत देतात, एसए-१४-१४-२, ती चीनमधल्या तिसऱ्या घराण्याच्या विषाणूला कमजोर करून बनवली. त्या कमजोरीत 'ई' प्रथिनातल्या १३८ व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाच्या बदलाचा मोठा वाटा आहे. ५०० मधला एक! भारतात बनलेली जेनवॅक २०१३ मध्ये आली. ती कर्नाटकातल्या कोलारच्या विषाणूपासून, जो एनआयव्हीनं वेगळा केला होता. तोही तिसराच. या लसी पहिल्या घराण्यावर चांगलं काम करतात, पण पाचव्याविरुद्ध तयार होणाऱ्या अँटिबॉडीज प्रयोगशाळेत कमी पडताना दिसल्यात. म्हणून कुठल्या गावात कुठलं घराणं फिरतंय यावर कुणीतरी डोळा ठेवायला हवा. माणसांत वाट बघत बसलात तर २५० मधलं ते एक पोर हॉस्पिटलात आल्यावर कळणार. डुकरात बघितलंत तर आधी कळेल.

डुक्करच का, तर त्याचं आयुष्य. पाळलेलं डुक्कर साधारण सात-आठ महिन्यांत विकलं जातं. म्हणजे दरवर्षी नवीन पिल्लं, ज्यांनी हा विषाणू कधी पाहिला नाही. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडीज काही महिन्यांत ओसरतात, आणि नेमका पावसाळा येतो. विषाणूसाठी दरवर्षी कोरी पाटी. हीच गोष्ट उलटी वापरायची. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात कत्तलखान्यात आलेल्या डुकरांचं रक्त तपासतात आणि कुठल्या भागात विषाणू जागा झालाय हे लोकांना सांगतात.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर अगदी ताजं. २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या फार्मवर डुकरिणींना मेलेली, वाळून काळी पडलेली पिल्लं व्हायला लागली. मोठ्या डुकरात जेईचं लक्षण म्हणाल तर बहुतेक वेळा हेच. डुकरीण स्वतः ठणठणीत, गर्भ मात्र मरतात. पिल्लांच्या नमुन्यांची तपासणी झाली, जेई निघाला. सिक्वेन्सिंग केलं तर चौथं घराणं, जे तोवर इंडोनेशियाच्या पट्ट्याबाहेर फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. बघता बघता ८० हून जास्त फार्म, ४० हून जास्त माणसं आणि सात मृत्यू. पण डुकरांनी हाक दिली होती म्हणून लस, डासफवारणी, रुग्णांची तपासणी लवकर सुरू झाली.

मग डुकरं हलवावीत की नाही? सिंगापूरनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डुकरांचे फार्म बंदच केले. माणसांतला जेई जवळपास संपला हे खरं. पण तिथल्या पक्ष्यांत आणि रानडुकरांत त्याच्या खुणा नंतरही सापडल्या. बगळ्यांना कोण अर्ज देणार? माझं मत विचाराल तर डुकराचा गोठा झोपायच्या जागेपासून लांब असावा, त्याला संध्याकाळी जाळी असावी, भोवती पाणी साचू नये. हे मागणं रास्त आहे. डास एक-दोन किलोमीटर सहज उडतो, त्यामुळं डुकरं शंभर पावलं पलीकडं ढकलून कुणाचं पोर वाचत नाही. मुलाला मच्छरदाणी, आणि आपला जिल्हा लसीच्या यादीत असेल तर लस. जोरदार ताप, झटके, भ्रम, मान आखडणं, यातलं काही दिसलं की त्याच रात्री हॉस्पिटल. सकाळची वाट बघायची नाही.

भारतात डुकरं ९० लाखांच्या घरात. संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, ते गुवाहाटीजवळ राणीला. आपल्या सोलापुरात राष्ट्रीय केंद्र आहे ते डाळिंबाचं. तक्रार नाही, डाळिंब आपलं सोनं आहे. पण डाळिंबावर तेल्या आला की दहा फोन होतात, आणि डुकरिणीला मेलेली पिल्लं झाली तर?

हे मी त्या पोराच्या वडिलांना विचारलं. होय, गेलो होतो शेवटी वस्तीवर. चहा झाला. मी त्यांना ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली, काळ्या वाळलेल्या पिल्लांची. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गेल्या भादव्यात एकीला झाली होती तशी. सात पिल्लं. पाच मेलेली."

मी विचारलं, कुणाला सांगितलंत?

"कुणाला सांगू? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी वस्ती सोडायला लागली असती. खड्डा काढून पुरली."

ती पिल्लं जेईनंच मेली असं मी म्हणत नाही. पार्वोव्हायरसनंही असंच होतं, आणखीही कारणं असतात. पण तपासल्याशिवाय ते कळणार नव्हतं, आणि नमुना मातीत गेला होता.

मी म्हणालो, पुढच्या वेळी जनावरांच्या दवाखान्यात कळवा, १९६२ हा फोन आहे, फुकट आहे. पिल्लू उघड्या हातानं उचलू नका, पिशवीत घालून बर्फात ठेवा. त्यांनी गोठ्याच्या पत्र्यावर कोळशानं १९६२ लिहून घेतलं. मग विचारलं, "रक्त घेऊ द्या, माझी ना नाही. पण रिपोर्ट आला तर आधी मला सांगणार, का आधी गावाला?"

पोरगा माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, काका, हे मी विचारून सांगतो.